कॉलेजचा विजेता, आता पोरांचा वस्ताद: आयोवातल्या एका कुस्ती क्लबचा अनुभव

सीडर रॅपिड्सच्या आसपास राहणाऱ्या ज्या मराठी आईवडिलांना मुलाला किंवा मुलीला कुस्तीला घालायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मत आधीच सांगतो: घाला. क्लब लहान मुलांचा आहे म्हणून नाव इथे जाहीर टाकत नाही. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर विचारलंत तर कुणीही सांगेल.

मी वाळवा तालुक्यातला. निम्मं आयुष्य तालमीत पोरं घडवण्यात गेलं. यंदाची थंडी मुलाकडे काढली आणि सूनबाई नातवाला सरावाला घेऊन निघाली की मीही गाडीत बसायचो. इथले बरेच पालक मुलाला दारात सोडून बाहेर थांबतात. मी आत, भिंतीच्या कडेला खुर्ची टाकून, शिट्टी वाजल्यापासून शेवटपर्यंत बघायचो. त्यामुळे खाली जे आहे ते तालमीतल्या माणसानं जवळून बघितलेलं आहे.

क्लबचा मुख्य कोच कॉलेजात असताना राष्ट्रीय विजेता होता, एनसीएएच्या तिसऱ्या विभागात. एनसीएए ही इथल्या कॉलेज खेळांची संघटना, तिचे तीन विभाग असतात. तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. म्हणजे तिथला पैलवान घरचे पैसे, कर्ज किंवा नोकरी करून शिकतो आणि पहाटे-संध्याकाळी मेहनत करतो. हा माणूस तसा वर आलेला आहे. आता तो गावच्या हायस्कूलचा मुख्य कुस्ती कोच आहे, दिवसा त्याच शाळेत गणित शिकवतो आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी लहान मुलांचा हा क्लब चालवतो.

आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत कुस्तीसाठी वेगळा पूर्णवेळ कोच नसतो. पोरगं तालमीतून येतं, कॉलेजच्या नावावर आंतरविद्यापीठ खेळतं आणि परत तालमीत जातं. पुढे नशीब असेल तर पोलिसात किंवा रेल्वेत लागतं. इथे कॉलेज गाजवलेल्या पैलवानाला वस्तादकी हा पगाराचा, मानाचा धंदा म्हणून समोर दिसतो. त्यामुळे चांगली माणसं कुस्तीतच राहतात. ही व्यवस्था बघून मला मनापासून हेवा वाटला आणि आपल्याकडे ती यावी असं फार वाटतं.

आयोवात तर या गोष्टीला देवपण आहे. डॅन गेबल इथल्या वॉटर्लूचा. शाळा आणि कॉलेज मिळून १८१ कुस्त्या जिंकल्या, हरला फक्त एक. ती १९७० च्या एनसीएए फायनलला, कॉलेजातल्या शेवटच्या कुस्तीत. वॉशिंग्टनचा लॅरी ओविंग्ज मुद्दाम वजन उतरवून त्याच्या गटात आला आणि १३-११ नं मारून गेला. त्यानंतर दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकला गेबलनं ६८ किलोत सुवर्ण घेतलं, एकही गुण न देता. पण आयोवातली माणसं त्याला जास्त मानतात ती कोच म्हणून. १९७६ ते १९९७ त्यानं आयोवा विद्यापीठाचा संघ सांभाळला आणि १५ राष्ट्रीय विजेतेपदं दिली, त्यातली ९ ओळीनं. आयोवा सिटीला कार्व्हर-हॉकाय अरीनासमोर त्याचा पुतळा आहे. मी तिथे जाऊन हात जोडून आलो.

आता मूळ मुद्दा. कुस्तीत माझा अनुभव असा की मोठा पैलवान वस्ताद झाला की स्वतःचाच डाव सगळ्या पोरांच्या गळ्यात मारतो. ज्याची ढाक चालली तो सगळ्यांना ढाक शिकवतो, मग पोरगं उंच असो की बुटकं, कंबर लवचीक असो की नसो. चार पोरं त्यात बसतात, बाकीची दोन वर्षांत तालीम सोडतात. विजेता होण्यासाठी स्वतःचं अंग ओळखावं लागतं. वस्तादाला दुसऱ्याचं अंग ओळखता आलं पाहिजे, आणि ही विद्या वेगळी आहे. ती किताबाबरोबर आपोआप येत नाही.

या कोचला ती आहे. तो स्वतः लांब हाताचा, सडपातळ. त्याचे जुने व्हिडिओ नातवानं मला दाखवले. दुरून झेप घेऊन एकेरी पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला खाली आणायचा, आणि तो उठायच्या आत त्याच्या मागे जायचा. देखणी कुस्ती. पण क्लबात तो डाव त्यानं सगळ्यांना एकदा दाखवला आणि नंतर फक्त ज्यांच्या अंगाला बसतो त्यांच्याकडून घोटून घेतला. माझा नातू आखूड, दणकट, मांड्या भरलेल्या. त्याला दुहेरी पट आणि समोरच्याच्या काखेखालून मागे निघणं, एवढंच दिलं. त्याच्याच वजनातली एक मुलगी आहे, काडीसारखी उंच. तिला पाठीवर बसून पाय अडकवण्याची सवारी शिकवली. ती लांब पाय असे गुंतवते की खालच्याला उठताच येत नाही. त्याच खोलीत, त्याच तासात, तीन-चार तऱ्हेची पोरं आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. मी सूनबाईला म्हटलं, हा वस्ताद आहे.

मी एकदा मुलाला मध्ये घालून कोचला याबद्दल विचारलं. त्यानं तीन नावं घेतली. ओक्लाहोमा स्टेटचा जॉन स्मिथ, १९८८ आणि १९९२ चा ऑलिंपिक विजेता. तो घोट्याजवळ वाकून पट काढायचा आणि पुढे ३० वर्षांहून जास्त काळ तिथेच मुख्य कोच होता. दुसरा गेबल, जो माणसाला दमवून दमवून मोडायचा. तिसरा केल सँडरसन, आयोवा स्टेटला १५९ कुस्त्या खेळून एकही न हरलेला, २००४ च्या अथेन्सचा सुवर्णविजेता. हात झटकन खाली नेऊन घोटा धरायचा तो. आज तो पेन स्टेटचा कोच आहे आणि २०११ ते २०२५ मध्ये त्याच्या संघानं १२ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. कोच म्हणाला, पेन स्टेटची पोरं बघा, एकासारखा दुसरा खेळत नाही. कुणी पाय गुंतवतो, कुणी फेकतो, कुणी नुसता पट काढत सुटतो. सँडरसनला स्वतःसारखे दहा सँडरसन करायचे असते तर हे झालं नसतं. मला हे उत्तर इतकं आवडलं की मी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली.

सराव कसा असतो ते सांगतो. खोली हायस्कूलची. भिंतीपासून भिंतीपर्यंत मॅट, भिंतींनाही गाद्या. पोरं यायच्या आधी मॅट औषधाच्या पाण्यानं पुसलेली असते आणि बाहेरचे बूट आत चालत नाहीत, पालकांचेही नाहीत. सुरुवातीला दर मुलाची मान, हात, गुडघ्यामागची कातडी बघितली जाते. गजकर्णाचा डाग दिसला तर त्या दिवशी मूल मॅटवर नाही, मग ते कुणाचंही असो. मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून आपण जी काळजी घेतो ती इथे या रीतीनं घेतात. मला हे काटेकोर वागणं पटलं.

पहिली वीस मिनिटं नुसतं उभं राहणं आणि सरकणं. पाय एकमेकांवर जाता कामा नयेत, डोकं वर, कोपर बरगडीला. पोरांना कंटाळा येतो, कोचला येत नाही. मग हाताची खडाखडी. मग त्या आठवड्याचा एक डाव, एकच. तो सोमवारी दाखवतो आणि गुरुवारी तोच पुढे नेतो: पट काढला पण समोरच्यानं पाय मागे फेकले तर काय, डोकं दाबलं तर काय. एका डावाची अशी चार दारं उघडून दाखवणारा माणूस मी आपल्याकडेही मोजकेच बघितले आहेत.

पण या क्लबात ज्यासाठी मी मुद्दाम जाऊन बसायचो तो भाग यानंतर येतो. इथल्या शाळा-कॉलेजातली कुस्ती ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल नव्हे. तिला फोकस्टाइल म्हणतात. फ्रीस्टाइलमध्ये खाली सापडलेला पैलवान पोटावर घट्ट पडून राहतो, थोड्या वेळात पंच दोघांना उभं करतो. इथे तसं चालत नाही. खालच्यानं सुटून उठलं पाहिजे, त्याला गुण आहे. सुटला तर १, उलटून वर आला तर २. वरच्यानंही नुसतं दाबून बसायचं नाही, चितपटाच्या मागे लागायचं. पाठ पलटवताना दोन्ही हात कंबरेभोवती कुलपासारखे अडकवायला बंदी आहे, म्हणून खालच्याला कंबरेला मिठी मारून लोळवायचा डाव इथे चालत नाही. कॉलेजात तर वरच्यानं ताबा ठेवण्यात खालच्यापेक्षा एका मिनिटानं आघाडी घेतली तर शेवटी १ गुण जास्तीचा मिळतो, आणि २०२३-२४ च्या हंगामापासून पट काढून खाली नेण्याला २ ऐवजी ३ गुण आहेत.

मातीतल्या माणसाला यात फार गोडी वाटते. आपल्याकडेही कुस्ती खाली गेली म्हणून संपत नाही, घिस्सा, सवारी, मोळी सगळं तिथेच सुरू होतं. मान आणि पाय एकत्र आवळून चितपट करायचा त्यांचा एक डाव आहे. तो बघून मी मोळीची पकड कशी घेतो ते नातवावर करून दाखवलं. कोच गुडघ्यावर बसून बघत होता. मनगट कुठे धरायचं ते त्यानं मला दोनदा विचारलं आणि पुढच्या सरावाला मोठ्या पोरांना ते शिकवलं, माझ्याकडे बोट दाखवून, कुणाकडून आलंय ते सांगून.

हा कोच सरावाचा निम्मा वेळ खालच्या पोरावर घालवतो. सगळी पोरं जोडीनं बसतात, एक गुडघ्या-हातांवर, दुसरा त्याच्या कंबरेला आणि कोपराला धरून. शिट्टी झाली की खालच्यानं उठायचं. पहिला पाय रोवायचा, पाठ मागे ढकलायची, कंबरेवरचा हात सोडवायचा. हे दहा-दहा वेळा. वर असताना प्रत्येकाला मजा वाटते. खाली असताना जे मूल उठायला शिकतं ते हंगाम संपेपर्यंत टिकतं, हे मी नातवात बघितलं. नोव्हेंबरमध्ये तो खाली गेला की डोळे मिटून घ्यायचा. फेब्रुवारीत त्याच्यापेक्षा मोठ्या पोराच्या खालून उठून तो सरळ समोरासमोर उभा राहिला. हरला त्या कुस्तीत, पण उठला.

हरलेल्या पोराशी हा माणूस कसा वागतो, ते स्पर्धेत बघा आणि मगच पैसे भरा, असं मी कुठल्याही क्लबबद्दल सांगेन. इथे रीत अशी आहे की कुस्ती संपली की दोन्ही पोरांनी समोरच्याच्या कोचशी हात मिळवायचा. रडणारं पोरगं ते टाळतं. हा कोच त्याला टाळू देत नाही, खांद्यावर हात ठेवून बरोबर जातो. मग पाणी. मग गप्प. डाव कुठे चुकला हे लगेच बोलत नाही. तासाभरानं, पोरगं खाऊन-पिऊन हसायला लागलं की जवळ बोलावून एकच गोष्ट दाखवतो. एक बाप कडेला उभा राहून मुलावर ओरडत होता, त्याला कोचनं शांतपणे गॅलरीत जाऊन बसायला सांगितलं. तो गेला.

वजनाबद्दल मी फार हळवा आहे. आमच्या भागात स्पर्धेच्या आधी पोरांना दोन दोन स्वेटर घालून पळवतात, दिवसभर पाणी देत नाहीत, थुंकायला लावतात. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना. अमेरिकेत १९९७ मध्ये अवघ्या काही आठवड्यांत तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना दगावले, तेव्हा सगळे नियम बदलले. रबरी सूट आणि सॉना बंद झाले, हंगामाआधी लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे ना ते बघतात आणि अंगातली चरबी मोजून कमीत कमी किती वजनात उतरायचं ते ठरवतात. हायस्कूलच्या मुलांना ७ टक्के आणि मुलींना १२ टक्के चरबीच्या खाली जाता येत नाही, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवता येत नाही. लहान मुलांच्या क्लबांना यातलं बरंचसं लागू नाही. इथे सगळं कोचच्या मनावर असतं. याचा नियम साधा आहे: जे वजन आहे त्यात खेळा. एका आईनं मुलाला खालच्या गटात बसवण्यासाठी रात्रीचं जेवण बंद केलं होतं. ते कळल्यावर त्यानं त्या रविवारी मुलाला खेळवलंच नाही.

खाण्याबद्दल आपल्या लोकांना प्रश्न असतो, घरात मांसाहार नसेल तर काय. त्यानं कुणावर काही लादलं नाही. दूध, डाळ, शेंगदाणे, केळी, अंडी चालत असतील तर अंडी, असं सांगितलं. बदामाची थंडाई काय असते ते मला विचारून लिहून घेतलं.

मुलींसाठी मुद्दाम सांगतो. आयोवात शाळेतल्या मुलींच्या कुस्तीला अधिकृत मान्यता २०२२-२३ च्या हंगामात मिळाली, आणि आता तर एनसीएएनंही मुलींचं राष्ट्रीय विजेतेपद सुरू केलं आहे. म्हणजे आज दहा वर्षांच्या मुलीला पुढचा रस्ता दिसतो. आपल्याकडेही २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि ती किताब घेणारी प्रतीक्षा बागडी सांगलीचीच. माझ्या लहानपणी बायकांनी तालमीतल्या मातीच्या हौद्याजवळ यायचं नाही असा दंडक होता. तो गेला हे फार चांगलं झालं. या क्लबात मुली पोरांबरोबरच सराव करतात आणि कोच त्यांना सवलत देत नाही, कमीही लेखत नाही. मात्र मुलींसाठी एकही बाई कोच नाही, आणि ती हवी. आठ-नऊ वर्षांपर्यंत ठीक, पुढे अडचण येते. मी हे कोचला बोललो, तो शोधतोय म्हणाला.

आता न पटलेल्या गोष्टी. पहिली, स्पर्धा फार. सहा वर्षांच्या पोराला जवळजवळ दर रविवारी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या जिममध्ये न्यायचं, सकाळी सातला वजन द्यायचं, दुपारपर्यंत थांबायचं आणि मिळतात तीन कुस्त्या. पोरं वैतागतात. त्या वयात महिन्यातून एक स्पर्धा भरपूर आहे. कोच सक्ती करत नाही, पण थांबवतही नाही. तुम्ही थांबवा.

दुसरी, अंगमेहनत कमी. दोरावर चढतात, पळतात, पण जोर-बैठकांसारखं रोजचं अंग घडवणारं काही नाही. मानेची तयारी तर मला पुरेशी वाटलीच नाही. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मुलाचं घरी काहीतरी झालं पाहिजे. मी नातवाला रोज सकाळी थोड्या सपाट्या आणि बैठका लावून दिल्या आणि सूनबाई आता त्याच्याबरोबर करते.

तिसरी, फोकस्टाइलची सवय लागलेलं पोरगं पुढे भारतात किंवा जागतिक स्पर्धेच्या नियमांत खेळायचं म्हणालं तर पाठ उघडी टाकतं. फोकस्टाइलमध्ये पाठ क्षणभर मॅटकडे वळली तर फारसं बिघडत नाही, फ्रीस्टाइलमध्ये लगेच २ गुण जातात. हा क्लब वसंतात फ्रीस्टाइल घेतो. ते वर्ग चुकवू नका.

आपल्या कुस्तीचं आणि इथल्या वस्तादांचं जुनं नातंही आहे, पोरांना ते सांगा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिरानं मॅटवरची कुस्ती शिकवली. त्या वेळी ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीतल्या पैलवानाला मॅटवर उभं करायला एक परका वस्ताद भेटला होता. मी हे कोचला सांगितलं तेव्हा त्यानं खाशाबांचं नाव वहीत लिहून घेतलं आणि सरावाच्या शेवटी पोरांना गोल बसवून नातवाला ती गोष्ट सांगायला लावली. नातवानं इंग्रजीत सांगितली, मला शब्द कळले नाहीत सगळे, पण गोळेश्वर म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही.

खर्चाचं: हंगामाची फी १७५ डॉलर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यूएसए रेसलिंगचं कार्ड वेगळं काढावं लागतं, त्याशिवाय बऱ्याच स्पर्धांत उतरता येत नाही. स्पर्धांची प्रवेश फी दर वेळी वेगळी. कुणाला फी जड जात असेल तर कोचशी एकट्यानं बोला, तो सांभाळून घेतो आणि कुठे बोलत नाही. नोंदणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते आणि लहान गट लवकर भरतो.

बूट वाढत्या पायाचे म्हणून मोठे घेऊ नका, घोटा हलला तर पाय मुरगळतो. क्लबात जुन्या बुटांची पेटी असते, त्यातले मापाचे मिळतात. कानावरची पट्टी मात्र नवी आणि चांगली घ्या आणि सरावातही काढू देऊ नका. मोडलेले कान आपल्या तालमीत भूषण मानतात, माझेही आहेत. पण कानात साचलेलं रक्त फार दुखतं आणि नऊ वर्षांच्या पोराला ते सोसायला लावण्यात काही पुरुषार्थ नाही.